बाळंतिणींचा बंब

इंग्रजी अमलात, लढाईच्या वर्षांत मी वाशिमकडच्या एका लहान गावी सरकारी दवाखान्यात नर्स होते. गावाचं नाव घेत नाही. त्या माणसांची नातवंडं आता तिथं नांदत असतील आणि आजोबांचा राग नातवांवर काढण्यात अर्थ नाही. पण राग आहे, आणि तो जिरावा अशी माझी इच्छाही नाही.

माझं माहेर अनसिंगच्या बाजूचं. वडील बागायत करायचे. विहिरीवर मोट, खाली वांगी, मेथी, मिरच्या, कडेला थोडा ऊस. नवऱ्यानं दुसरी बायको आणली तेव्हा मी माहेरी परत आले. वडिलांनी भाऊबंदांची बोलणी खाल्ली आणि मला नागपूरला बाळंतपणाच्या शिक्षणाला पाठवलं. तिथून शिकून आले ती थेट या दवाखान्यात.

बाळंतपणाची खोली म्हणजे मागच्या अंगाची, पूर्वी औषधांची रिकामी खोकी टाकायची जागा. आत दोन लोखंडी खाटा, एक डुगडुगतं टेबल आणि कोपऱ्यात तांब्याचा बंब. बंब आता घराघरांतून गेले म्हणून सांगते. ते एक उभं, पिंपासारखं भांडं. मधोमध खालपासून वरपर्यंत आरपार नळी. नळीच्या तळाशी जाळी. जाळीवर विस्तव, नळीच्या भोवती पाणी, बाहेरच्या अंगाला तोटी. वरून नळीत कोळसा किंवा लाकडाचे तुकडे टाकायचे. नळी तापली की पाणी तापतं. साधी वस्तू आहे. पण बाळंतपणात तिच्याइतकी कामाची दुसरी वस्तू नाही. हात धुवायला गरम पाणी, हत्यारं उकळायला गरम पाणी, कापडं धुवायला, बाळ पुसायला, थंडीनं काकडणाऱ्या बाईच्या पायाशी बाटल्या भरून ठेवायला.

आमचा बंब मात्र तापायचाच नाही. म्हणजे तापायचा, पण बाळ यायच्या बेताला. विस्तव चांगला धडधडायचा, ज्वाळा नळीतून सरळ वर जायची, वर हात धरला तर पोळायचा, आणि तोटी सोडली तर पाणी कोमट. आमची आया, ती दवाखान्यातली सगळ्यांत जुनी बाई, ती म्हणायची, "बाई, हा बंब आपल्यासाठी नाई तापत. हा आभायाले शेकून राह्यला."

एरवी जास्त जळण घालून भागवलं असतं. पण लढाई सुरू झाली आणि दवाखान्याच्या जळणाला कात्री लागली. कोळसा मिळेना. रॉकेल तर दिव्यापुरतं. बाळंतिणीबरोबर आलेल्या माणसांना मी सांगू लागले, येताना पऱ्हाटी घेऊन या. कपाशीची वाळली झाडं, ती शेताशेतात असायची. कळा देणारी बाई बैलगाडीत आणि तिच्या उशाशी पऱ्हाटीचा भारा, अशी माणसं यायची. मला त्याची लाज वाटायची. ज्यांना वाटायला हवी होती त्यांना वाटत नव्हती. डॉक्टरसाहेबांना मी जळण वाढवून मागा म्हणून सांगितलं तर ते म्हणाले, "बाई, घरोघरी बायका चुलीवरच्या पाण्यावर बाळंत होतात. तुमचं एवढं काय अडलंय?"

डॉक्टरसाहेब पुण्याकडचे. हाताला गुण होता, ते मी नाकारत नाही. साप चावलेली माणसं त्यांनी वाचवलेली मी पाहिली आहेत. पण त्यांचं अर्धं लक्ष सदा बदलीकडे. मुलं मोठी होत होती, गावात चांगली शाळा नव्हती, मोठ्या गावी बदली हवी होती. बाळंतपणाच्या खोलीत ते क्वचित यायचे.

त्या हिवाळ्यात मी रजेवर घरी गेले होते. आई वांग्यांना पाणी देत होती. वरच्या वाफ्याकडचा पाट उताराचा होता, तिथं ती पाटात आडवे दगड ठेवत होती. एक या कडेला, मग थोडं खाली दुसरा त्या कडेला. मी विचारलं, "हे काहून?"

"पानी सीदं पयते," आई म्हणाली. "मदातून गेलं निंघून. काठच्या मातीले लागतच नाई. आता पाह्य कसं उलथंपालथं होऊन चाललं."

मी बसून बघत राहिले. पळसाचं एक पान पाण्यात पडलं होतं. वरच्या मोकळ्या पाटात ते मधोमध सरळ आलं. पहिल्या दगडाशी आल्यावर पाण्यानं त्याला खाली ओढलं, काठावर आपटलं, पुन्हा मधे आणलं, पुढच्या दगडाशी पुन्हा तेच. तेवढाच पाट, तेवढंच पाणी, पण आता काठाचं आणि मधलं पाणी वेगळं राहत नव्हतं. मला आमचा बंब आठवला. ज्वाळा आणि धूर नळीच्या मधून असाच सरळ निघून जात होता. नळीच्या भिंतीला टेकलेला तेवढा थर आपली ऊब देऊन थंड होऊन बसायचा आणि आतली खरी धग त्याच्या आडून वर पळायची. तिला भिंतीपर्यंत कुणी येऊच देत नव्हतं. नळीतही असेच आडवे उंचवटे असते तर?

रजा संपवून परत आले ती बाजारातल्या तांबटाकडे गेले. तांबट आमच्या दवाखान्याची भांडी कल्हई करायचा, ओळखीचा होता. त्याला सगळं सांगितलं. त्यानं हातातला हातोडा खाली ठेवला.

"नयीत पट्ट्या ठोकाच्या म्हनता? खियाची भोकं पडतीन बाई. पानी गयन."

"भोकं नको पाडू. नळी काढ, बाहेरून ठोकून आत वळ्या पाड. पोळी दुमडल्यासारख्या."

"वया पाडता येतीन," तो म्हणाला. "पन धुराले वाट लागते. तुमी त्याच्या वाटेत काटे टाकाले सांगून राह्यल्या."

"वाट ठेव. फक्त सरळ नको ठेवू."

तो हसला आणि म्हणाला, बंब आणून द्या. मी आणि आयानं रविवारी बंब रिकामा करून त्याच्याकडे पोचवला. त्याची मजुरी मी दिली. डॉक्टरसाहेबांना विचारलं नाही. विचारलं असतं तर काय उत्तर आलं असतं ते मला ठाऊक होतं.

पहिली खेप फसली. तांबटानं मन लावून, चांगल्या अंगठ्याएवढ्या उंच वळ्या पाडल्या होत्या, आणि दाट. विस्तव पेटवला तसा धूर वर जायचा थांबला आणि जाळीखालून खोलीत आला. बाळंतिणी खोकायला लागल्या, आया डोळे पुसत बाहेर पळाली. नेमके डॉक्टरसाहेब तिकडून चालले होते.

"हे काय केलंत?"

मी सांगितलं.

"सरकारी वस्तू ठोकून बिघडवलीत. आणि कुणाच्या परवानगीनं? तुम्हाला बाळंतपणं करायला ठेवलंय का कासारकाम करायला?"

"पाणी तापलं तर बाळंतपणं करता येतील साहेब."

ते निघून गेले. पण बंब बिघडवल्याबद्दल माझ्या नावावर शेरा मारला, तो मला नंतर कळला. बंब बिघडलेला आहे हे ते तत्परतेनं लिहू शकले. बंब तापत नाही हे इतकी वर्षं त्यांना लिहिता आलं नव्हतं.

मी बंब पुन्हा तांबटाकडे नेला. तो जरा खजील झाला होता. आम्ही दोघांनी बसून ठरवलं. वळ्या बुटक्या करायच्या, करंगळीच्या अर्ध्या जाडीच्या, आणि विरळ. पूर्ण गोल नको, अर्ध्या अर्ध्या, एक या बाजूला, वरची त्या बाजूला, जरा तिरप्या. धुराची वाट गळ्यात आवळायची नाही, फक्त त्याला जाता जाता ढवळायचं. त्यानं दाट वळ्यांतल्या निम्म्या ठोकून पुन्हा सपाट केल्या, उरलेल्या बसक्या केल्या, नळीला डाख दिला आणि पाणी भरून गळत नाही ना ते स्वतः पाहिलं.

दुसऱ्या खेपेला पऱ्हाटीची मूठभर काटकी घालून पेटवलं. धूर क्षणभर घुटमळला आणि मग वर निघाला. नळीच्या तोंडावर हात धरला तर आता हाताला सोसत होतं. आयानं तोटी सोडली आणि बोट मागे घेतलं.

"बाई," ती म्हणाली, "चटका बसला न वं."

त्या चटक्याचा मला जो आनंद झाला तो नागपूरला परीक्षा पास झाल्याचाही झाला नव्हता. जळण निम्म्यावर आलं म्हणते, पण मोजलं नव्हतं, उगीच आकडा सांगत नाही. एवढं खरं की पऱ्हाटीचा भारा आणायला सांगणं मी बंद केलं, आणि कळा जोर धरायच्या आत पाणी तयार असायचं. एक कटकट वाढली. वळ्यांच्या कोपऱ्यांत काजळी धरायची आणि ती धरली की बंब पुन्हा आळशी व्हायचा. म्हणून दर आठवड्याला मी आणि आया शिंदीच्या फड्याला लांब काठी बांधून नळी खरवडायचो. हात कोपरापर्यंत काळे. त्याचं काही नव्हतं.

डॉक्टरसाहेबांनी महिनाभरात बंबाकडे पाहण्याची दृष्टी बदलली. शेरा काढला नाही, पण कुणी पाहुणा आला की त्याला मागच्या खोलीच्या दारातून बंब दाखवायचे. "आमच्याकडे थोड्या जळणावर पाणी तापवण्याची युक्ती केली आहे," असं म्हणायचे. आमच्याकडे. मी खाटेशी उभी असायचे. तेही मी सोडून दिलं. पाणी तापत होतं ना.

मग पुढच्या हिवाळ्यात दौऱ्यावरचे साहेब आले. गावाबाहेर डाकबंगला होता. साहेब लोक दौऱ्यावर आले की तिथं उतरायचे आणि गावात धावपळ व्हायची. कुणी कोंबड्या पोचवायचं, कुणी दूध, माळी लोक भाजी पोचवायचे. पैसे मिळाले तर मिळाले. हे साहेब आपल्यातलेच, मराठी बोलणारे, बायकोला बरोबर घेऊन आलेले. त्यांच्या एका शब्दावर डॉक्टरसाहेबांची बदली होणार होती.

मी सकाळी दवाखान्यात आले तर कोपरा रिकामा. फरशीवर बंबाच्या बुडाचा गोल डाग तेवढा.

"रातच्यानं शिपाई घेऊन गेले," आया म्हणाली. "डाक्टरसायबानं धाडला बंगल्यावर. तिथचा बंब टाइम खाते म्हने. सायबाले उतरल्याबरोबर आंघोय लागते."

मी डॉक्टरसाहेबांकडे गेले. ते कपडे बदलून बंगल्यावर निघायच्या तयारीत होते.

"तीन-चार दिवसांचा प्रश्न आहे," ते म्हणाले. "तोवर चुलीवर करा. चूल आहे की."

"आज अनसिंगची बाई आली आहे. पहिलटकरीण आहे, अंगावर सूज आहे."

"मग मला हाक मारा. मी कुठे पळून चाललोय?"

ती बाई माझ्या माहेरच्या बाजूची, एका माळ्याची सून. सासू बरोबर आलेली होती. सासू म्हणजे उंच, काटक, आवाज खणखणीत; बाजारात भाजीचं दुकान मांडून बसायची. सुनेच्या कळा दुपारी वाढल्या. आयानं मागच्या पडवीत चूल पेटवली. आदल्या दिवशी अवेळी पाऊस शिंतडून गेला होता, लाकडं ओली, नुसता धूर. घमेल्यात पाणी ठेवलं ते तापता तापेना. मी हात धुतले ते थंड पाण्यानं. हत्यारं उकळायला ठेवली तर पाणी नुसतं गुणगुणत राहिलं. शेवटी मी स्पिरिट ओतून काडी लावली आणि हत्यारं जाळून घेतली. मूल झालं, मुलगी. ती रडली, पण पोर गार होती. सासूनं तिला लुगड्याच्या पदरात, आपल्या पोटाशी, कातडीला कातडी लावून धरलं. इकडे सुनेला हुडहुडी भरली. दात वाजत होते. पायाशी ठेवायला बाटलीभर गरम पाणी नव्हतं. आम्ही तिच्या अंगावर खोलीतलं सगळं पांघरूण घातलं, खाटेखाली शेगडी सरकवली, आया तिचे तळवे घासत बसली.

दोघी जगल्या. मी हे मुद्दाम लिहिते, कारण पुढे या प्रकरणात सगळे मला हेच ऐकवत राहिले. दोघी जगल्या ना, मग तक्रार कसली? कुणी मेलं असतं तर चौकशी झाली असती. कुणी मेलं नाही म्हणून काही झालंच नाही. बाई आणि पोर थंडीनं काकडत होत्या, त्याची नोंद करायला सरकारात रकाना नव्हता.

सुनेची हुडहुडी उतरल्यावर सासूनं विचारलं, "बाई, मांगच्या साली माह्या जावंच्या सुनंले इथी कडक पानी होतं. थो बंब कुठी गेला?"

मी सांगितलं. तिनं पोर आयाच्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंगरूळपीरच्या रस्त्यावरच्या एका खेड्यातून आणखी एक बाई कळा देत आली. तिला तपासलं, अजून बराच अवकाश होता. मी बाहेर आले तर सासू बैलगाडी जुंपून दारात उभी.

"चला," ती म्हणाली.

"कुठे?"

"बंब आनाले. तुमी नाई आल्या तरी मी चालली. पन तुमी असल्या तं मले चोर नाई म्हननार."

आयाला त्या बाईजवळ बसवून मी गाडीत बसले. वाटभर मी मनात वाक्यं जुळवत होते. नोकरी जाईल, हेही मनात येत होतं.

साहेब बंगल्याच्या व्हरांड्यात खुर्चीवर वाचत बसले होते. माणूस सभ्य होता. मला बसायला सांगितलं. सासूला सांगितलं नाही. मी उभीच राहिले आणि काय ते सांगितलं.

"असं आहे का," ते म्हणाले. "पण डॉक्टर तर म्हणाले की बंब शिल्लक आहे."

"दवाखान्यात एकच बंब आहे साहेब."

"बरं. आम्ही परवा निघू. परवा पाठवून देतो."

"आता एक बाई कळा देते आहे."

"बाई, ती सरकारी वस्तू आहे आणि सरकारी बंगल्यात आहे. कुठे हरवलेली नाही." त्यांचा आवाज चढला नव्हता. तो चढला असता तर मला बरं वाटलं असतं. "आज घरात न्हाणं आहे. तुम्हाला जळण हवं असेल तर मी चौकीदाराला सांगतो, लाकडं पाठवेल."

लाकडं. मला बोलायचं होतं, पण जुळवलेलं एक वाक्य आठवेना. सासू पायरीवर उभी होती, ती पुढे आली.

"सायेब, सकायची मेथी अन् वांगे तुमच्या बंगल्यावर माह्याच वावरातले आले. त्याचे पैशे म्या मांगतले नाई. मांगून कोनी देत नाई. बंब मांगून राह्यली, थो द्या."

"तुम्ही कोण?"

"काल माही नात थंड्या पान्यात झाली. मी तिची आजी."

साहेबांनी चौकीदाराकडे पाहिलं. चौकीदार बंगल्याच्या कोपऱ्यात उभा होता, तो जमिनीकडे बघू लागला. तेवढ्यात आतल्या दारात साहेबांची बायको आली. केस मोकळे, तेल थापलेले, खांद्यावर पंचा. ती बहुतेक सगळं ऐकत होती.

"बाळंतिणींचा बंब आहे हे तुम्हाला माहीत होतं?" तिनं नवऱ्याला विचारलं.

"डॉक्टरांनीच आपणहून पाठवला."

"ते नाही विचारलं."

साहेब पुस्तकात बघत राहिले. माहीत होतं त्यांना. त्यांच्या गप्प राहण्यातून ते मला कळलं, आणि तिलाही कळलं. ती चौकीदाराला म्हणाली, "विस्तव काढ आणि गाडीत चढव."

सासूनं वाट पाहिली नाही. ती न्हाणीघरात गेली, तोटी सोडली आणि तापलेलं पाणी बादलीत भरून त्या बाईपुढे ठेवलं. "घ्या, न्हाऊन घ्या. तापलेलं पानी कायले फेकाचं." उरलेलं पाणी मोरीत सोडलं. चौकीदारानं निखारे काढले, आम्ही तिघांनी बंब उचलून गोणपाटावर ठेवला. अजून पोळत होता.

पुढे पुष्कळ लोक मला म्हणाले, त्या साहेबिणीचे उपकार मानायला हवे होते. मी मानले नाहीत. तिच्याविषयी माझ्या मनात वाईट काही नाही. पण आमचीच वस्तू आम्हाला परत मिळाली, ती कुणाच्या चांगुलपणावर सोडलेली असावी याचाच मला संताप होता. ती केस मोकळे सोडून बाहेर आली नसती तर?

त्या दिवशीच्या बाईला मुलगा झाला. पाणी कडकडीत होतं.

डॉक्टरसाहेब संध्याकाळी आले. चेहरा काळवंडलेला. "माझी बदली घालवलीत तुम्ही," ते म्हणाले. एवढंच. त्यांच्या आवाजात रडू होतं, आणि मला त्यांची दया यायला हवी होती. थोडी आलीही. पण मग कोपऱ्यात खाटेवर निजलेली पोर दिसली आणि दया गेली.

बदली झाली ती माझी. शेलूबाजाराच्या पलीकडे एक नवा दवाखाना उघडला होता, दोन खोल्यांचा, तिथं. हुकुमात शिक्षा असं लिहिलेलं नव्हतं. आयानं माझी ट्रंक गाडीत ठेवली आणि बंबाची नळी ती खरवडत राहील असं सांगितलं. तिनं तो शब्द पाळला.

नव्या जागी बंब नव्हताच. मी मागणी केली. उत्तर आलं की लढाईमुळे तांब्याची टंचाई आहे, नवीन बंब देता येत नाही. ठीक आहे, टंचाई होतीच. मग एकदा बाजाराच्या दिवशी तांबट भेटला. तो मला टाळत होता, मीच त्याला गाठलं.

"बाई, तुमाले सांगाव का नाई, असं चाललं होतं," तो म्हणाला. "मले हुकूम भेटला. आजूबाजूच्या डाकबंगल्यायचे बंब तसेच वया पाडून देऊन राह्यलो. दोन बंगल्यायचे नवेच घडवले. तांबं त्यायनंच देल्लं. जयन वाचते म्हनून साह्यबानं डाक्टरची तारीफ केली म्हने."

"आणि दवाखान्यांचे?"

"दवाखान्याचं कोनी नाई बोललं."

मी भर बाजारात उभी होते. शेजारी मिरचीचे ढीग, माणसांची रेटारेटी. मला आठवतं की मी त्याला काही उत्तर दिलं नाही, कारण त्याचा त्यात दोष नव्हता आणि तोंडातून जे निघालं असतं ते त्याच्यावर गेलं असतं. डॉक्टरसाहेबांची मोठ्या गावी बदली त्या साली झाली. मी त्यांची बदली घालवली नव्हती तर. माझ्या बंबानं ती मिळवून दिली होती. त्याहीपेक्षा मला हे लागलं की युक्ती बंगल्यांत पोचली आणि खाटांपाशी पोचली नाही. दौऱ्यावरच्या माणसाला आंघोळीचं पाणी लवकर मिळावं, ते तांब्याच्या टंचाईतही जमलं.

हे सगळं मी अनसिंगच्या त्या सासूला बोलून दाखवलं. ती नातीला देवी काढायला घेऊन आली होती. ती म्हणाली, "तांबं सरकारच्या घरीच असते का? आमच्या घरी नाई?"

आणि ती कामाला लागली. बागायतवाल्या घरांत फिरली, माझ्या आईलाही बरोबर घेतलं. ज्यांच्या सुना-लेकी दवाखान्यात बाळंत झाल्या होत्या त्यांच्याकडून फुटके तांबे, चिरलेली गंगाळं, बूड गेलेली घागर, काय मिळेल ते. एकीनं आपल्या लग्नातली कळशी दिली. ती चांगली होती, म्हणून सासूनं परत केली, तर ती भांडली आणि पुन्हा आणून ठेवली. तांबटानं ते सगळं वितळवून, ठोकून बंब घडवला. पत्र्याला जागोजागी रंग वेगळा. नळीतल्या वळ्या मात्र त्यानं आधीच्यापेक्षा सुबक काढल्या होत्या. आता हात बसला होता. मजुरी घ्यायला तयार नव्हता, ती मी बळंच दिली.

बंब खोलीत ठेवला आणि दोनच महिन्यांत तपासनीस आले. त्यांनी सगळ्या वस्तू यादीशी ताडून पाहिल्या.

"हा बंब यादीत नाही."

"लोकांनी दिला आहे."

"मग यादीत चढवू. सरकारी होईल."

"सरकारी झाला की काय होतं ते मी पाहिलं आहे," मी म्हणाले. "यादीत चढवू नका."

"बाई, यादीत नसलेली वस्तू आवारात ठेवता येत नाही. हा नियम आहे."

"आवार कुठपर्यंत आहे?"

त्यांनी गमतीनं म्हणून हात केला. कुंपणाच्या भिंतीपर्यंत. त्या माणसाला वाटलं असेल, बाई निरुत्तर झाली.

त्याच दिवशी दुपारी मी शेजारच्या तेलिणीशी बोलले. तिच्या घराची पडवी आमच्या भिंतीला लागून होती. आम्ही बंब उचलून तिच्या पडवीत ठेवला, भिंतीच्या पलीकडे, हातभर अंतरावर. मधले दोन दगड काढून भिंतीत खिडकीएवढी जागा केली. तेलीण पलीकडून तोटी सोडायची आणि कळशी या बाजूला द्यायची. पावसाळ्यात पडवी गळायची तेव्हा बंबावर पत्रा घालायचो. गैरसोय होती. आया नव्हती, नळी मीच खरवडायची.

मी तिथं होते तोवर बंब त्याच पडवीत राहिला. डाकबंगल्यावर साहेब आले, गेले. एकदा एक शिपाई विचारायलाही आला होता, बाई, तुमच्याकडे तो वळ्यांचा बंब आहे ना? मी म्हणाले, दवाखान्यात कुठलाच बंब नाही, आत येऊन यादी पाहा. तो आत आला, यादी पाहिली आणि परत गेला. भिंतीपलीकडे तेलीण काटक्या मोडत होती.